भिंत खंगत नाही

विहिरीवरून भरलेली बादली घेऊन निघालेल्या बाईला कुणी थांबवू नये. एवढंही ज्यांना कळत नव्हतं, अशा गृहस्थांच्या घरात आम्ही मद्रासला पावणेतीन वर्षं भाड्याने राहिलो. परसातली विहीर आणि आमच्या दोन खोल्या यांच्या बरोब्बर मधे त्यांची वेताची खुर्ची. मी बादली घेऊन आले, की त्यांचा चष्मा कपाळावर जायचा आणि हातातली छत्री आडवी यायची.

"अक्का, सांगा पाहूं. विहिरीचें पाणी ओसरतें, आटतें, कीं उतरतें?"

"रायर, हात तुटतोय माझा."

"तुटत नाहीं. अवघडतो. उत्तर द्या आणि जा."

उत्तर दिल्याशिवाय छत्री हलायची नाही. सकाळी सहाला, ओल्या लुगड्यात, रिकाम्या पोटी! मी काहीतरी ठोकून द्यायची आणि ते चुकायचं. मग दुसरा प्रश्न. कप्पाळ माझं.

आंध्र मद्रासपासून वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन साताऱ्याहून तिकडे गेले. आमचे हे जॉर्ज टाउनमध्ये एका जहाजी एजंटाच्या ऑफिसात कारकून होते आणि आम्ही टी. नगरला राहत होतो. घरमालक तंजावरकडचे मराठी. तमिळ लोक अशा सगळ्यांनाच 'रायर' म्हणतात, तसं गल्ली त्यांना म्हणायची आणि आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला आम्ही मामी म्हणत असू. एक मुलगा होता, तो दिल्लीला सरकारी नोकरीत. घरात ही दोघंच.

रायरांचं मराठी माझ्या पणजोबांच्या कागदपत्रांत शोभलं असतं. 'मज', 'तुम्हांस', 'कोठें', आणि मधेच तमिळमधलं 'सरी', 'पोदुम', 'अय्यय्यो'. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पण त्यांचं मत असं, की मराठी बिघडवलं ते आम्ही साताऱ्या-पुण्याच्या लोकांनी. "तुम्ही सर्वांसच 'कमी झालं' म्हणतां. ताप कमी झाला, माया कमी झाली, मीठही कमी झालें. एकच चमचा सगळ्या डब्यांत घालतां तुम्ही लोक."

कलेक्टर कचेरीत त्यांनी आयुष्यभर लोकांच्या अर्जांचे तरजुमे केले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक उद्योग काढला. हळूहळू कमी होत जाणं, बळ जाणं, सरणं, या अर्थाची मराठीत जेवढी क्रियापदं असतील तेवढी गोळा करायची. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या आणि त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभ्या लावून ठेवल्या होत्या. एका चिठ्ठीवर एक वाक्य. वाक्य मनाने रचलेलं चालायचं नाही. कुणी, कधी, कशाबद्दल म्हटलं ते खाली लिहायचं, आणि कोपऱ्यात 'पाहिलें' किंवा 'ऐकिलें'. 'ऐकिलें'ची किंमत कमी. म्हणून मग पाहायला जायचं. उंबरा झिजतो ते पाहिलं, बाजाराच्या दिवशी गर्दी ओसरते ते पाहिलं, शाळेतल्या तमिळ वर्गाची संख्या रोडावते ते पाहायला स्वारी चक्क शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

एकच क्रियापद त्यांना छळत होतं, आणि त्यापायी ते आम्हाला छळत होते. खंगणे. त्याची चिठ्ठी डब्यात सगळ्यांच्या पुढे होती आणि तिच्यावर मथळ्याशिवाय काही नव्हतं.

एकदा त्यांच्या तावडीतून सुटायचं म्हणून मी म्हटलं, "घ्या लिहून. ही मागची भिंत फार खंगलीय."

झालं! म्हातारा ताडकन उभा राहिला. "भिंत खंगत नाहीं! भिंत खचते, ढासळते, पोपडे धरते. खंगायास जीव लागतो. माणूस खंगतो. गाय खंगते. फार तर झाड, तेंही मी विचार करून सांगेन. आणि तें आंतून होतें, अक्का. बाहेरून घासलें तें झिजणें. झोपून उठल्यावर जातें तें थकणें. खंगणाऱ्यास झोप काय, पक्वान्न घाला, अंगीं लागत नाहीं." मी बादली खाली ठेवून ऐकत होते. ठेवावीच लागली, कारण हे पाऊण तास चाललं.

गाय म्हटल्यावर गाय पाहणं आलं. आमच्या गल्लीत एक गवळी दारात गाय आणून दूध काढून द्यायचा. गाय जरा हडकली होती. ती खंगली की नुसती रोडावली, हे ठरवायला रायर तीन सकाळ तिच्यापुढे उकिडवे बसून तिच्याकडे टक लावून पाहत राहिले. चौथ्या दिवशी गवळी फिरकलाच नाही. मामींनी निरोप धाडला, तर त्याच्या बायकोने बोटं मोडली, "कण्णु! रायर कण्णु!" म्हणजे दृष्ट. रायरांची दृष्ट लागते म्हणून आमच्या घराचं दूध बंद झालं. कॉफीवाचून मद्रासमध्ये घर चालत नाही. मामी चार घरं पलीकडे लोटी घेऊन जायच्या आणि येताना तमिळमध्ये काय काय पुटपुटायच्या. मला ते समजत नव्हतं, पण अगदी पटत होतं.

दुसरी कथा जॉर्ज टाउनची. आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या बड्या बाबूंचे वडील वारले. बाबूही तंजावरकडचे मराठी, रायरांची त्यांच्याशी जुनी ओळख, म्हणून समाचाराला तेही आमच्याबरोबर आले. मी ह्यांना म्हटलं होतं, नका नेऊ. सगळे खाली मान घालून बसलेले. बाबू म्हणाले, "शेवटीं शेवटीं बाबा फार खंगले हो."

मी पटकन रायरांकडे पाहिलं.

"आहार कसा होता?" रायरांनी विचारलं.

"आहार बरा होता. आदल्या दिवशीं चार इडल्या खाल्ल्या."

"मग खंगले कैसे? थकले म्हणा. चौऱ्यांशीव्या वर्षीं मनुष्य थकतो. खंगणाऱ्यास चार इडल्या जात नाहींत."

ह्यांनी धोतराचं टोक हातात घट्ट पिळलं. त्यांची बढती बाबूंच्या सहीवर अडली होती. आता बाबू आम्हाला बाहेर काढतात की काय, अशा विचारात मी असतानाच कोपऱ्यातून बाबूंच्या म्हाताऱ्या आईने तोंड वर केलं. "रायर म्हणतात तें खरें. खंगले म्हणजे काय रे? मी उपाशीं ठेविलें होतें त्यांस? शेवटपर्यंत ऊन ऊन करून वाढलें मीं." बाबूंना आईची माफी मागावी लागली. परतताना बसमध्ये रायर उभ्या उभ्या मला सांगत होते, "पाहिलेंत? हा शब्द घरांतल्यांवर जातो. कोणी खंगला, म्हणजे शेजारीं बसणाऱ्यानें पाहिलें नाहीं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझं डोकं उठलं होतं.

खरं म्हणजे त्या दिवसांत माझं डोकं रोजच उठायचं. संध्याकाळी अंग कसकसायचं. मद्रासची हवा, आंबट सांबार, घामाने जीव नकोसा. थोडा खोकला होता, तो विहिरीच्या गार पाण्याचा. असं मी म्हणायची, आणि हेही म्हणायचे. हे सकाळी आठला जायचे ते रात्री यायचे. दर आठवड्याला मी साताऱ्याला वडिलांना कार्ड लिहायची. 'इकडील सर्व क्षेम. तुमचे क्षेम कळवत जावे.' सगळेच असं लिहितात. हातच तसा वळतो, विचार लागत नाही.

कार्ड टपालात टाकायचं काम रायरांकडे होतं, कारण ते रोज पांडी बझारपर्यंत फिरायला जायचे. एक दिवस ते कार्ड घेऊन परत आले.

"अक्का, हें खोटें आहे."

"तुम्ही माझं कार्ड वाचता?"

"कार्ड उघडें असतें, तें वाचण्यासाठींच. सर्व क्षेम कोठें आहे? तुम्ही आलां तेव्हां विहिरीपासून दारापर्यंत एका दमांत बादली न्यायच्या. आतां दोनदां खालीं ठेवितां. बांगड्या कोपराकडे जातात. काल मामीनें अधिरसम दिलें, तुमच्या अनरशासारखें, तें तुम्ही कावळ्यास घातलें. मीं पाहिलें."

अहो, एखाद्याच्या मागे लागावं म्हणजे किती! मला एवढा संताप आला, की मी जवळजवळ किंचाळलेच. "मी तुमच्या डब्यातलं वाक्य नाही, रायर! गाय झाली, म्हातारा झाला, आता मी का?"

त्यांनी कार्ड परत खिशात घातलं. छत्री घेऊन गेले. मला वाटलं, मी जिंकले.

तेरा-चौदा दिवसांनी भर दुपारी दारात झटका, म्हणजे तिकडचा टांगा, थांबला आणि त्यातून माझे वडील उतरले. हातात वळकटी, चेहरा मद्रास मेलच्या धुराने काळवंडलेला. न कळवता. सत्तर वर्षांचा माणूस, तमिळचं अक्षर येत नाही, साताऱ्याहून एकटा आला होता. मी पुढे होऊन वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मग खिशातून एक पत्र काढलं. मोडीतलं. मला मोडी येत नाही, म्हणून त्यांनीच वाचलं. 'तुमची कन्या खंगते आहे. मी रोज पाहतों. घरांतल्यांस दिसत नाहीं, त्यांचा दोष नाहीं, रोज पाहणाऱ्यास दिसत नसतें. मज दिसतें, कारण मी त्यासाठींच बसलों आहें. उशीर करूं नये.'

संध्याकाळी हे घरी आले आणि जे काय झालं ते आठवलं तरी नको वाटतं. आमचे हे गरीब स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज गल्लीत गेला. "मी हिला उपाशी ठेवतो, असं लिहिलंत माझ्या सासऱ्यांना? खंगते म्हणजे काय?" रायर घरापुढच्या ओट्यावर बसून होते. एवढंच म्हणाले, "राग नंतर करा. आधीं डॉक्टर." मी तर त्यांच्याकडे बघितलंही नाही. वडिलांपुढे नवऱ्याला मान खाली घालायला लावणारा माणूस. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

रात्री मामी माझ्याजवळ येऊन बसल्या. मी पाठ फिरवली. त्या माझ्या पाठीशीच बोलल्या. "आमचीही मुलगी होती मा. तंजावरला दिली होती. तिच्या सासरचें कार्ड यायचें, सर्व क्षेम. तिच्या हातचेंही यायचें, सर्व क्षेम. ह्यांस कचेरींत रजा मिळेना, चौदा महिने गेले. दिवाळीस गेलों तर मुलगी उठून बसेना. चार दिवस आमच्या हातीं राहिली." पुढे त्या म्हणाल्या, "लोक म्हणाले, अहो खंगत होती कीं ती वर्षभर. तेव्हांपासून ह्यांचें असें. वर्षभर हा शब्द लोकांपाशीं होता, आणि आम्हांस कोणी पाठविला नाहीं, म्हणतात."

हे ऐकून माझा राग विरघळला असं समजू नका. मला रडू आलं, मुलीसाठी आलं, पण राग जागच्या जागी होता. दुःख झालं म्हणून काय दुसऱ्याच्या संसारात पत्रं लिहायची?

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. डाव्या फुफ्फुसावर डाग होता. महिना-दोन महिने आणखी गेले असते, तर दोन्हीकडे झालं असतं, असं ते ह्यांना इंग्रजीत म्हणाले. हे खाली बसले. वडील भिंतीला टेकून उभे होते, त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

तांबरमच्या सॅनेटोरियममध्ये मी आठ महिने होते. इंजेक्शनांनी ढुंगणाची चाळण झाली, आणि कडू पुड्या इतक्या खाल्ल्या की अजून त्यांच्या आठवणीने तोंड वाकडं होतं. दर रविवारी रायर घराजवळच्या मांबलम स्टेशनवरून गाडीने यायचे. व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे छत्री उघडून उभे राहायचे. मी आधी बोलायची नाही, मग बोलायला लागले. तर पहिला प्रश्न काय असावा? कशा आहात? छे. "वजन भरतें, चढतें, कीं धरतें?" शेजारच्या खाटेवरची बाई मला विचारायची, हे तुझे कोण? मला सांगता यायचं नाही. मी म्हणायची, घरमालक.

बरी झाले. मग ह्यांची पुण्याला बदली झाली. रायरांची कार्डं यायची, कशाबद्दल, तर 'मंदावणें' हें दिव्याविषयीं साताऱ्यास म्हणतात काय. त्यात आमची चौकशी एका ओळीची. मीही उत्तरं द्यायची, वैतागून, पण द्यायची. 'खंगणे'च्या चिठ्ठीवर त्यांनी माझं वाक्य कधी लिहिलं का, ते मात्र मी विचारलं नाही.

चार वर्षांनी ह्यांना ऑफिसच्या कामासाठी मद्रासला जायचं होतं, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले. आम्ही मामींकडेच उतरलो. मामी दारात मला म्हणाल्या, "ते बरे आहेत. वय झालें, जेवण जरा कमी, तेवढेंच." आणि मी परसात गेले.

वेताच्या खुर्चीतून उठायला त्यांना दोन्ही हात लागले. उठून उभे राहिले, आणि आपण कशाला उठलो ते आठवत तसेच राहिले. धोतर कमरेला दोन वेढे जास्तीचं होतं. गळ्याशी नुसती हाडं. मला चार वर्षं मधे गेली होती म्हणून एका नजरेत दिसलं. मामींना रोज पाहून दिसत नव्हतं.

माझ्याकडे बघून ते पुन्हा बसले. चष्मा कपाळावर गेला.

"या अक्का. ताजे डोळे आहेत तुमचे. बोला. कोणतें?"

मला कळलं काय विचारताहेत ते. चांगलं कळलं. आणि मी काय म्हणाले असेन? "थकलात हो जरा. उन्हाळा आहे ना."

"खोटें."

"अहो, वय झालं—"

"खोटें! मीं तुमच्या बापास खरें लिहिलें. तुम्हांस माझ्या तोंडावर एक शब्द निघत नाहीं?"

मग माझाही तोल गेला. एवढ्या वर्षांचा सगळा वैताग एकदम वर आला. "खंगलात!" मी ओरडले. "खंगलात तुम्ही, रायर! काय खाता? कुणाला दाखवलंत? मुलाला कळवलंत? दुसऱ्याच्या बापाला बोलवता येतं, स्वतःच्या मुलाला नाही?" आणि तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसून मी रडले.

मामी पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ह्यांच्याकडे, म्हणजे रायरांकडे, असं बघत होत्या, जणू माणूस नुकताच घरात आलाय. "मुलास बोलवूं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको. त्यास रजा नाहीं मिळायची. येईल पोंगलला."

"पोंगलपर्यंत कोण आहे इथे?" मी म्हणाले. असं बोलू नये. पण मी बोलले, आणि पदराने तोंड पुसून तशीच तारघरात गेले. दिल्लीला तार केली. इंग्रजी नीट येत नव्हतं, म्हणून तारबाबूकडून लिहून घेतली. वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघा. 'खंगले'ला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी तार केली हे कळल्यावर रायरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. समोर बसले तरी माझ्या डोक्यावरून विहिरीकडे बघायचे. मुलगा चौथ्या दिवशी आला, बायको-मुलांना घेऊन आला. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आता करण्यासारखं काही नाही, पण जवळ राहा. तो राहिला. बापाला भरवत होता, नातू डब्यातल्या चिठ्ठ्या मांडून बसत होता, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. रायर सगळ्यांशी बोलत होते, माझ्याखेरीज.

आम्ही निघालो त्या दिवशी मी खाटेपाशी गेले. "येते रायर."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी थांबले. मला वाटलं, आता हे असंच. मग भिंतीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "मीं तुमच्या बापास पत्र लिहिलें, तेव्हां तुम्ही किती दिवस मजशीं बोललां नाहीं?"

"एकवीस," मी म्हणाले.

"मग मजही एकवीस दिवस द्या. बाविसाव्या दिवशीं कार्ड लिहीन."

पुण्याला येऊन मी दिवस मोजत होते. पंधराव्या दिवशी त्यांच्या मुलाची तार आली.